दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाक चोंदलेलं, घशात सारखा कफ उतरतोय, वास येत नाही. हातात सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं ‘फेस’. फेस म्हणजे फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी, नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांचं (म्हणजे सायनसचं) दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन. कान-नाक-घशाच्या ओपीडीतून हा कागद घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत.

मला बारा महिने सर्दी असते. म्हणजे जुनाट सायनुसायटिसच ना?

असेलच असं नाही. जुनाट सायनुसायटिस म्हणजे सायनसच्या अस्तराला बराच काळ राहिलेली सूज. नाक बंद असणं, नाकातून किंवा मागे घशात घट्ट स्राव येणं, चेहऱ्यावर दुखणं किंवा दाब जाणवणं आणि वास कमी होणं या चार तक्रारींपैकी किमान दोन असाव्या लागतात. त्या दोनपैकी एक नाक बंद असणं किंवा स्राव येणं हीच हवी, आणि हे सगळं सलग १२ आठवडे किंवा त्याहून जास्त चाललेलं असावं. एवढ्यावरही निदान पक्कं होत नाही. दुर्बिणीतून नाकात पू, सूज किंवा पॉलिप (सुजून लोंबणारं अस्तर) दिसायला हवा, नाहीतर सीटीवर बदल दिसायला हवेत.

सकाळी उठल्यावर पंधरा-वीस शिंका, नाकाला खाज, पाण्यासारखा स्राव आणि दुपारपर्यंत सगळं ठीक, असं चित्र असेल तर ती बहुधा ॲलर्जीची सर्दी असते. तिच्यावर सायनसच्या ऑपरेशनचा उपाय नाही.

पण माझं कपाळ आणि डोळ्यांमागे भयंकर दुखतं. हे सायनसचंच असणार.

या प्रश्नावर थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त नको ती ऑपरेशनं इथूनच सुरू होतात. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं स्वतः सांगणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले २,९९१ जण त्यात होते. नीट तपासल्यावर त्यातल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारातली निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालावर दाब वाटतो, हवा बदलली की दुखणं वाढतं. त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे.

दुखणं ठोके पडल्यासारखं असेल, उजेड किंवा आवाज नकोसा होत असेल, मळमळत असेल, अंधाऱ्या खोलीत पडून बरं वाटत असेल आणि मधल्या दिवसांत नाक अगदी मोकळं असेल, तर आधी मायग्रेनचा विचार करा. जुनाट सायनुसायटिसमध्ये नुसतं डोकं दुखणं ही एकमेव तक्रार फार क्वचित असते. डोकेदुखी एवढ्याच कारणासाठी कुणी ऑपरेशन सुचवत असेल आणि दुर्बिणीत व सीटीत फारसं काही नसेल, तर दुसरं मत जरूर घ्यावं.

ऑपरेशनआधी औषधं किती दिवस घ्यायची?

साधारण दोन ते तीन महिने, तीही नीट. नीट म्हणजे रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि त्यानंतर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे, रोज, खाडा न करता. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड ही त्यातली नेहमीची नावं. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून अनेक जण चार दिवसांत स्प्रे बंद करतात आणि सांगतात की गुण आला नाही. नाकात मारलेला हा डोस अगदी कमी असतो आणि त्यातला फार थोडा रक्तात जातो. स्प्रे मारताना मान किंचित खाली ठेवावी आणि नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावं. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरला की हे आपोआप जमतं. पडद्यावर फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येतं, आणि मग तेही स्प्रेच्या नावावर जमा होतं.

अँटिबायोटिकच्या एकामागून एक कोर्सेसबद्दल मात्र मी सावध राहायला सांगेन. जुनाट सायनुसायटिस हा बहुतेकांमध्ये जंतूंपेक्षा सुजेचा आजार असतो. केमिस्टकडून पाच गोळ्यांची पट्टी घ्यायची, आठवडा बरा जाणार, पुन्हा तेच. असं वर्षभर करणारे खूप आहेत.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरू नका. सवय लागली की थेंबांमुळेच नाक बंद राहायला लागतं.

वाफ, काढा, ओव्याची पुरचुंडी?

वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, आजार हलत नाही. घ्यायची असेल तर घ्या, पण लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. भाजण्याचे प्रकार खरोखर घडतात. काढ्याने पोटात ऊब येते, सायनसचं तोंड उघडत नाही. नाकात तीव्र औषध घालून ‘मांस गळून पडेल’ असं सांगणाऱ्यांपासून मात्र दूरच राहा. आतली त्वचा भाजून नाक कायमचं चिकटलं तर ते सोडवणं मूळ आजारापेक्षा अवघड असतं.

आणि तपकीर, मिश्री, विडी-सिगारेट बंद. यात तडजोड नाही. तपकीर तर थेट त्याच जागी जाते जिथे आपण सूज उतरवायला बघतोय.

सीटी स्कॅन कधी काढायचा? मला सर्दी झाली तेव्हाच काढला होता.

तो जपून ठेवा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साधी, ताजी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी काढले. २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बदल दिसले. काही जणांचे सीटी दोन आठवड्यांनी पुन्हा काढले, तेव्हा अँटिबायोटिक न देताच त्यातल्या बहुतेकांचं सायनस साफ झालं होतं किंवा सुधारलं होतं. म्हणून औषधांचा पूर्ण कोर्स झाल्यावर, नवी सर्दी नसताना काढलेला सीटीच खरं चित्र दाखवतो.

सीटीचं दुसरं कामही तितकंच महत्त्वाचं आहे. सर्जनसाठी तो नकाशा असतो. डोळ्याची भिंत कुठे आहे, मेंदूखालचं हाड किती खाली उतरलंय, एखादी शीर उघडी आहे का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. बाकी रिपोर्टमध्ये ‘सौम्य म्युकोझल थिकनिंग’ (अस्तर किंचित जाड) असं लिहून आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. ठणठणीत माणसाच्या सीटीतही ते सापडतं.

फेसमध्ये नेमकं करतात काय? सगळं खरवडून काढतात का?

नाही, आणि जुन्या ऑपरेशनपेक्षा याचं वेगळेपण नेमकं इथेच आहे.

आपल्याला सायनसच्या चार जोड्या असतात: गालात, दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळात आणि अगदी मागे कवटीच्या तळाशी. त्यांच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते सतत हलतात आणि पातळ कफाचा थर सायनसच्या तोंडाकडे ढकलत राहतात. गालाच्या सायनसचं तोंड तळाशी नसून वर, भिंतीच्या उंच भागात आहे. म्हणजे हे केस रोज कफ चढावर नेतात. गालाचं, कपाळाचं आणि डोळ्यांमधल्या पुढच्या पेशींचं (हवेच्या छोट्या कप्प्यांना इथे पेशी म्हणतात) तोंड नाकातल्या एकाच अरुंद जागेत उघडतं. तिथे मिलिमीटरभर सूज आली की वरचं सगळं तुंबतं, जसं मोरीचं तोंड तुंबलं की अख्ख्या न्हाणीत पाणी साचतं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून हा कफाचा प्रवास वर्षानुवर्षं पाहिला. गालाच्या सायनसला तळाशी नवं भोक पाडलं, तरी केस कफाला त्या भोकाला वळसा घालून जुन्याच तोंडाकडे नेतात, हे लक्षात आलं. तेव्हापासून ऑपरेशनची दिशाच बदलली. नवी वाट पाडण्यापेक्षा निसर्गाने दिलेली वाट मोकळी करायची आणि अस्तर शक्य तितकं जपायचं. मेसरक्लिंगर यांचे शिष्य हाइन्झ श्टामबेर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी हे तंत्र जगभर नेलं. ‘फंक्शनल’ हे विशेषण केनेडींनी १९८५ मध्ये रूढ केलं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या दुर्बिणीशिवाय यातलं काहीच शक्य नव्हतं.

प्रत्यक्षात नाकपुडीतून साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते आणि चित्र मोठ्या पडद्यावर येतं. सरळ बघणारी दुर्बीण असते, तशी ३०, ४५, ७० अंशांत कोपऱ्यामागे बघणारीही असते. गालाच्या सायनसच्या तोंडासमोरचा हाडाचा छोटा पडदा काढतात, तोंड रुंद करतात, डोळ्यांमधल्या सुजलेल्या पेशींच्या भिंती उघडतात. पॉलिप असतील तर मायक्रोडिब्रायडर नावाचं उपकरण ते कापत आणि ओढून घेत जातं. किती सायनस उघडायचे हे आजार कुठवर पसरलाय त्यावर ठरतं. बाहेर टाका नाही, चेहऱ्यावर खूण नाही, नाकाचा आकार बदलत नाही.

आमच्या आजोबांचं ओठ उचलून ऑपरेशन झालं होतं. गाल कित्येक महिने बधिर होता. तेच का हे?

नाही. ते कॉल्डवेल-ल्यूक ऑपरेशन. अमेरिकेतल्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या आँरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये त्याचं वर्णन केलं. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर चीर द्यायची, गालाचं हाड उघडायचं आणि अस्तर पार खरवडून काढायचं. गालाला आणि दातांना संवेदना देणारी नस तिथेच असल्याने बधिरपणा यायचा. आज ते क्वचितच लागतं. नाकातून सुई घालून सायनस धुण्याचा प्रकारही जुन्या पिढीला चांगलाच आठवत असेल. तोही आता जवळपास मागे पडला आहे.

पॉलिप म्हणजे कॅन्सर का?

नाही. पॉलिप म्हणजे सुजून लोंबणारं अस्तर, सोललेल्या द्राक्षासारखं फिकट. ते सहसा दोन्ही बाजूंना असतात. फक्त एकाच बाजूला काही वाढलेलं असेल, त्यातून रक्त येत असेल, तर ते वेगळं प्रकरण असू शकतं. त्याचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा.

एकाच बाजूच्या नाकातून घाण वास येणारा पू येत असेल तर दातही तपासून घ्या. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. दाढ किडलेली तशीच ठेवून नुसतं सायनस उघडलं तर पू परत येतो.

आपल्याकडे आणखी एक प्रकार बराच दिसतो, तो म्हणजे ॲलर्जिक फंगल सायनुसायटिस, बुरशीच्या ॲलर्जीतून होणारा. तरुण वय, पॉलिप आणि आत डिंकासारखा चिकट, तपकिरी-हिरवट चिखल. हा चिखल औषधाने निघत नाही. इथे ऑपरेशन लवकर ठरतं, आणि नंतर स्टेरॉइडचे उपचार लांब चालतात.

डॉक्टर म्हणतात नाकाचं वाकडं हाडही सरळ करू. ते गरजेचं आहे का?

नाकाचा मधला पडदा थोडाफार वाकडा बहुतेकांचाच असतो. तो सायनसच्या वाटेत आडवा येत असेल किंवा एका बाजूने श्वास घेता येत नसेल, तर एकाच भुलेत दोन्ही करणं शहाणपणाचं. नुसता सीटीत वाकडा दिसतो म्हणून करायची गरज नाही. ‘हाड वाढलंय’ असं आपण म्हणतो खरं, पण ते बहुधा वाकलेलं असतं, वाढलेलं नव्हे.

डोळ्याला किंवा मेंदूला इजा होऊ शकते ना?

होऊ शकते, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी ते तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं. वरच्या छताच्या पलीकडे मेंदूचं आवरण असतं. सगळ्यात मागच्या सायनसच्या भिंतीला दृष्टीची नस आणि मेंदूकडे जाणारी मुख्य रोहिणी खेटून असते. डोळ्यामागे रक्त साचणं, दुहेरी दिसणं, नजर जाणं, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं हे यातले मोठे धोके. सगळे मिळून ते साधारण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळा घडतात. पाणी गळत असल्याचं ऑपरेशन चालू असतानाच दिसलं तर बहुतेकदा तिथल्या तिथे ते बंद करता येतं.

किरकोळ त्रास मात्र जास्त वेळा होतो: थोडं रक्त, डोळ्याखाली काळं-निळं होणं, आत चिकटे बसणं (दोन बाजू एकमेकींना चिकटणं), काही दिवस वरचे दात बधिर वाटणं.

पॉलिप खूप असतील, आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा कपाळाच्या सायनसपर्यंत जायचं असेल, तर धोका वाढतो. अशा वेळी नेव्हिगेशनची मदत घेतात. सर्जनचं उपकरण आत्ता नेमकं कुठे आहे, हे सीटीवर लगेच दिसतं. प्रत्येक ऑपरेशनला ते लागतं असं नाही, आणि ते असलं म्हणजे अनुभवाची गरज संपली असंही नाही.

बलून करून भागेल का? त्यात काही कापत नाहीत म्हणे.

सायनसच्या तोंडात छोटा फुगा नेऊन तो फुगवायचा आणि तोंड रुंद करायचं, ही पद्धत अमेरिकेत २००५ पासून वापरात आहे. तोंड अरुंद आहे आणि आत फार काही नाही, अशा निवडक पेशंटना ती चालते. पॉलिप फुग्याने निघत नाहीत. डोळ्यांमधल्या जाळीदार पेशींचा आजारही त्याने सुटत नाही, आणि जुनाट सायनुसायटिसमध्ये मुख्य घोळ बहुधा तिथेच असतो. शिवाय फुगा एकदाच वापरायचा असल्याने बिल चढतं. जाहिरातीत तो जितका सोपा दिसतो, तितक्या जास्त लोकांना तो लागू पडत नाही.

पूर्ण भूल लागते का? किती वेळ चालतं?

बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. छोटं काम असेल तर नाकाला बधिर करून, गुंगी देऊनही होतं. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन साधारण एक ते दोन तास चालतं, पॉलिप खूप असतील तर जास्त. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, आणि ज्याला आपण औषध समजत नाही ती लसणाची किंवा माशाच्या तेलाची कॅप्सूलही. हृदयात स्टेंट असेल तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ते ठरवायचं असतं. बीपी ताब्यात असणं इथे विशेष महत्त्वाचं, कारण थोड्याशा रक्तानेही दुर्बिणीची काच माखते आणि पुढचं दिसेनासं होतं.

नाकात पॅक घालतात, तो काढताना जीव जातो म्हणे.

या पॅकची धास्ती ऑपरेशनपेक्षा जास्त असते. पूर्वी हातभर लांबीची गॉजपट्टी ठासून भरायचे, त्या आठवणी अजून घराघरांत फिरतात. आता स्पंजसारखा लहान पॅक असतो, तो एक-दोन दिवसांत काढतात. काही वेळा आपोआप विरघळणारा घालतात, काही वेळा मुळीच घालत नाहीत. काढताना अर्धा मिनिट त्रास होतो, डोळ्यांत पाणी येतं, हे खरं. आधी पाण्याने भिजवून घेतला तर सोपं जातं.

घरी आल्यावर काय जपायचं?

पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. दाबली किंवा नाक शिंकरलं तर हवा डोळ्याभोवतीच्या कातडीखाली शिरून पापणी फुगू शकते. झोपताना दोन उशा. जड उचलणं, खाली वाकून फरशी पुसणं, जोर-बैठका बंद. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. गरमागरम रस्सा आणि कडक गरम पाण्याची आंघोळ काही दिवस नको. बसून करायच्या नोकरीवर आठवड्याभरात जाता येतं. धुळीत, भट्टीजवळ किंवा बांधकामावर काम असेल तर जास्त रजा घ्या. विमानप्रवास साधारण दोन आठवडे टाळावा. विहिरीत किंवा तलावात पोहणं जखम पूर्ण भरेपर्यंत नको. मिरवणुकीतला गुलाल आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर त्या मोसमापुरता चुकवा. नस्याचं तेल किंवा तूपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

रक्ताळलेला स्राव आठ-दहा दिवस येतो. नंतर तपकिरी खपल्या पडतात आणि नाक ऑपरेशनच्या आधीपेक्षाही जास्त चोंदल्यासारखं वाटतं. ‘काहीच फरक नाही’ असा फोन नेमका याच दिवसांत येतो. थोडा धीर धरा. साधारण आठवड्याने दुर्बिणीतून या खपल्या साफ करतात, आणि गरजेप्रमाणे पुन्हा दोन-तीनदा. या भेटी चुकवू नका. चिकटे याच काळात बसतात आणि उघडलेली वाट बंद होते.

वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं ते अशा वेळी: डोळा सुजून पुढे येतोय, कमी किंवा दुहेरी दिसतंय, थांबत नाही असं रक्त, मान आखडून तीव्र डोकेदुखी आणि ताप, किंवा पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतंय आणि चवीला खारट लागतंय.

नाक धुणं किती दिवस करायचं? ऑपरेशन झालं ना आता?

आता तर खरी सुरुवात आहे. ऑपरेशनआधी बंद सायनसमध्ये धुण्याचं पाणी आणि औषध पोचतच नव्हतं, ते आता पोचतं. सायनस उघडण्यामागचा निम्मा हेतू हाच असतो. काही महिने रोज, आणि पॉलिपवाल्यांना बहुधा त्यापुढेही बरीच वर्षं.

पाणी एक मिनिटभर खळखळून उकळून कोमट केलेलं हवं. एक लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड ते दोन चमचे, आणि चिमूटभर खायचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर कमी झोंबतं. तयार पुड्याही मिळतात. बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत, दाबायच्या बाटलीने एका नाकपुडीतून पाणी सोडायचं. ते दुसरीतून बाहेर येतं. जलनेतीचं भांडं चालतं, पण बाटलीचा हलका दाब सायनसपर्यंत जास्त चांगला पोचतो. बाटली रोज धुवून उलटी वाळवा.

उकळण्याचा आग्रह उगाच नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाचं साधं पाणी नेतीच्या भांड्यात वापरलेल्या दोघांचा नेग्लेरिया फॉउलेरी या अमिबामुळे मृत्यू झाला. हेच पाणी पोटात गेलं तर काही होत नाही, नाकाच्या छतातून मात्र हा अमिबा मेंदूत शिरतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अशाच अमिबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. घरातलं फिल्टरचं पाणीही नाकासाठी उकळूनच घ्या.

‘सायनसचं ऑपरेशन कितीही वेळा करा, परत होतंच.’ हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय पाहणीत ३,१२८ पेशंटचा पाठपुरावा झाला. पाच वर्षांत सुमारे १९ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, पॉलिप असणाऱ्यांना थोडं जास्त. म्हणजे पाचातल्या चौघांना त्या काळात पुन्हा लागलं नाही, आणि बहुतेकांचा त्रास पाच वर्षांनंतरही आधीपेक्षा बराच कमी होता.

पुन्हा होण्याचं कारण बहुधा ऑपरेशनच्या बाहेर असतं. दुर्बिणीने वाट मोकळी होते, सुजण्याची प्रवृत्ती तशीच राहते. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने दम लागणं, हे तिन्ही एकाच माणसात असेल तर पॉलिप परत येण्याची शक्यता खूप असते. त्याला हे आधीच सांगायला हवं. ‘मुळापासून काढून टाकतो, आयुष्यात पुन्हा होणार नाही’ असं पॉलिपबद्दल कुणी सांगितलं, तर मी त्या दवाखान्यातून उठून येईन.

पहिल्यांदा अर्धवट काम झालेलं असेल तरी त्रास परत येतो. मग दुसऱ्या ऑपरेशनला अर्थ असतो.

वास परत येईल का?

पॉलिपमुळे गेला असेल तर बऱ्याच जणांना येतो, कधी काही दिवसांत, कधी महिन्यांनी. पण हमी नाही. अनेक वर्षं गेलेला असेल किंवा विषाणूच्या तापानंतर गेला असेल, तर आशा कमी धरावी. तोवर घरात गॅसगळतीचा अलार्म लावून घ्या आणि शिळं अन्न दुसऱ्या कुणाला हुंगायला सांगा.

दमा आहे. ऑपरेशन झेपेल का?

दमा आधी आटोक्यात आणून, हो. पॉलिपवाल्या अनेकांचा दमा नंतर सुधारतो, पण इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.

मुलांमध्ये करतात का?

फार कमी. मुलांमध्ये आधी वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) बघतात. ते काढल्यावर बऱ्याच जणांचं भागतं. लहान वयात दोन्ही बाजूंना पॉलिप दिसले तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी तपासणी करावी लागते.

२०२१ मध्ये म्युकरसाठी केलं जायचं, ते हेच ऑपरेशन का?

दुर्बीण तीच, कारण आणि घाई वेगळी. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रभर जे म्युकरमायकोसिसचे पेशंट आले, त्यांच्यात बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून हाड आणि डोळा कुजवत होती. तिथे मेलेला भाग तातडीने काढावा लागायचा, कधी वरचा जबडा, कधी डोळासुद्धा. जुनाट सायनुसायटिसचं ऑपरेशन तारीख ठरवून, सवडीने होतं. मात्र मधुमेह बेताल असताना अचानक चेहरा सुजला, बधिर झाला, डोळा दुखू लागला किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

खर्चाचं काय?

शहर, हॉस्पिटल आणि वापरलेली उपकरणं यांनुसार खूप फरक पडतो, म्हणून लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात मायक्रोडिब्रायडरचं पातं, पॅक आणि नेव्हिगेशन धरलंय का, ते विचारा. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. आणि पुण्यात ससूनसारख्या सरकारी-पालिका हॉस्पिटलांत कान-नाक-घशाचे मोठे विभाग आहेत. तिथे थांबावं लागतं, पण काम चांगलं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी चौकशी करा. खाजगी विम्यात कान-नाक-घशाच्या आजारांना बऱ्याचदा २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, तेव्हा पॉलिसीची तारीख बघून घ्या.

ऑपरेशनऐवजी इंजेक्शन घेता येतं असं ऐकलं.

ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन पॉलिपसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, नंतर त्या गटातली आणखी काही आली. पुन्हा पुन्हा वाढणाऱ्या पॉलिपमध्ये ती चांगलं काम करतात. पण ती दर काही आठवड्यांनी, लांबपर्यंत घ्यावी लागतात आणि आपल्याकडे फार महाग पडतात. थांबवली की पॉलिप परत येऊ शकतात. त्यामुळे आज तरी ऑपरेशन आणि स्प्रे करूनही ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठीच हा विचार योग्य वाटतो.

दुसरं मत घ्यायला जाताना काय न्यावं?

सीटीचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी न्या. सर्जन स्वतः चित्रं बघतो. आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि तुकड्याचा तपासणी अहवाल. कोणता स्प्रे किती महिने, खरोखर रोज वापरला की आठवण येईल तेव्हा, हे प्रामाणिकपणे सांगा. आणि तीन गोष्टी विचारा: कोणकोणते सायनस उघडणार, माझ्या नेमक्या कोणत्या तक्रारीत फरक पडेल, आणि नंतर साफसफाईच्या भेटींना तुम्ही स्वतः बघणार का.